पाट्या टाकणे, दोन पेट्या आणि साडेबारा टक्के

मागचा भाग बऱ्याच जणांनी ट्रेनमध्ये ऐकायला घेतला आणि मध्येच नेटवर्क गेलं, अशा तक्रारी आल्यात. म्हणून हा त्याच भागाचा लिखित अवतार. बोलताना माझ्या तोंडात दर तिसऱ्या वाक्याला येणारं 'ॲक्च्युअली' काढून टाकलंय. कुकरच्या दोन शिट्ट्याही काढल्यात. बाकी सगळं तेच आहे.

विषय आहे स्लँग. म्हणजे आपण कट्ट्यावर, चॅटवर, ऑफिसच्या पॅन्ट्रीत जे शब्द फेकतो ते, आणि त्यांचे आपणच ठोकून दिलेले अर्थ.

सुरुवात आमच्या कोपरखैरण्याच्या घरातून करतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी आहेत. त्यांचा दिवस रात्री सुरू होतो. नाशिककडचे, पुण्याकडचे ट्रक रात्री लागतात, माल उतरतो, आणि तुम्ही-आम्ही दात घासेपर्यंत तिथला निम्मा धंदा उरकलेला असतो. ते नऊच्या सुमाराला पिशवीत मेथीची जुडी घेऊन घरी येतात, तेव्हा मी महापेच्या ऑफिसला निघायच्या गडबडीत असतो. त्या दिवशी मी बूट घालत होतो आणि मित्राचा फोन आला. कामाचं काय चाललंय म्हणाला. मी म्हटलं, "काय नाय रे, नुसत्या पाट्या टाकतोय."

आण्णा काही बोलले नाहीत. चहा घेतला, आडवे झाले. संध्याकाळी मी परत आलो तर आईचा चेहरा पडलेला. आण्णा हळूच म्हणाले, "आरं, कंपनीतनं काढलं व्हय तुला? कुठल्या साइटवर जातोस? सांगायचं न्हाई का?"

मला आधी कळेचना. मग हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघून हसू गेलं.

त्यांच्या डोक्यात पाटी म्हणजे पाटीच. वेताची किंवा बांबूची, डोक्यावर घ्यायची टोपली. भाजी मार्केट भायखळ्याला होतं तेव्हा, सातारा जिल्ह्यातून नवीनच आलेले आण्णा पाटीवाले होते. गिऱ्हाइकाचा माल पाटीत घालायचा, डोक्यावर घ्यायचा आणि टॅक्सीपर्यंत पोचवायचा. १९९६ साली मार्केट वाशीला आलं, त्याच्यामागून आम्ही कोपरखैरण्याला आलो. आमच्या आजूबाजूची अर्धी बिल्डिंग अशीच आलीय. आणि त्यांचा इंजिनिअर पोरगा एसीत बसून फोनवर सांगतो, मी पाट्या टाकतोय!

त्यांना मी खूप समजावलं. म्हटलं, आण्णा, तसं नाही. पाट्या टाकणं म्हणजे मन न लावता, मोजून तेवढंच काम करणं. खड्डा खणताना किंवा बांध घालताना मजूर कसा एकामागून एक मातीच्या पाट्या नेऊन ओततो, संध्याकाळी पाट्या मोजल्या की झालं, तसं. आण्णा म्हणाले, "मन न लावता पाटी डोक्यावर घेऊन बघ. मान मोडंल."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता, हा शब्द मी कुठून उचलला? आमच्या शब्दकोशातून. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही सहा जणांनी एक ग्रुप काढला होता, नाव 'शब्दकोश'. नियम एकच: रोज कोणीतरी एक स्लँग शब्द टाकायचा आणि त्याचा इतिहास किंवा फुल फॉर्म गंभीर चेहऱ्याने लिहायचा. खरं काही लिहिलं तर वडापावचा दंड. काही नोंदी आजही तोंडपाठ आहेत. 'लोचा', म्हणजे 'लोकल चार मिनिटं'चं लघुरूप. इंडिकेटरवर चार मिनिटं दिसतात आणि गाडी चौदा मिनिटांनी येते तो प्रकार. 'राडा', म्हणजे 'रात्री डाळभात'. आई गावाला गेल्यावर बाबांनी केलेला स्वयंपाक आणि त्यानंतरची ओट्याची अवस्था. 'पोपट', म्हणजे 'पोस्ट पटकन टाळा'; चुकून फॅमिली ग्रुपवर गेलेला मेसेज, जो डिलीट करायच्या आत आत्याने वाचला. आणि 'कल्टी' हा म्हणे पोर्तुगीजांच्या काळातला एक सरदार होता, जेवण झालं की बिल यायच्या आत वसईला निघून जायचा.

ही शेवटची नोंद आमच्यातल्या एकीने स्टेटसला ठेवली. तिच्या मावशीने ती खरी समजून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. आठवड्याभराने तीच मला माझ्या काकांकडून आली, वर 'अवश्य वाचा' आणि खाली हात जोडलेले.

इथे एक गंमत सांगतो. खोटा इतिहास पटतो, कारण तो सुबक असतो. शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक काम दिलेलं असतं, गोष्टीत एक माणूस असतो, शेवटी टाळी मिळते. इंग्रजीतही हाच धंदा चालतो. 'पॉश' ह्या शब्दाचा एक फुल फॉर्म सांगतात: भारतात येणाऱ्या श्रीमंत गोऱ्यांना बोटीवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली केबिन मिळायची, त्या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असायची. मस्त गोष्ट आहे. फक्त तसं छापलेलं तिकीट आजपर्यंत कोणालाही सापडलेलं नाही. साधी युक्ती लक्षात ठेवा. आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द बनवायची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार, लेसर हे खरोखर तसे बनलेत. पण आजीच्या आजीलाही माहीत असलेल्या शब्दाचा कोणी फुल फॉर्म सांगत असेल, तर तो बहुधा आमच्यासारख्याच एखाद्या ग्रुपचा मेंबर आहे.

पाट्यांच्या प्रकरणानंतर मला एक खाज सुटली. आपण रोज वापरतो त्या शब्दांच्या खाली खरं काय पडलंय ते बघू म्हटलं. वडापावचा दंड पडला तरी चालेल.

राडा घ्या. मुंबईत राडा म्हणजे मारामारी, दंगा. पण आमच्या गावाकडे पावसाळ्यात अंगणात राडा होतो. म्हणजे चिखल. गुरं-माणसं तुडवून तुडवून जो काला करतात तो. शहरात आला आणि त्याची भांडणं झाली. मात्र आपल्या नवी मुंबईत त्याचा एक सख्खा भाऊ अजून मूळ कामावर आहे: राडारोडा. बांधकामाचा राडारोडा रस्त्याकडेला टाकू नये, अशा नोटिशी तुम्ही पाहिल्या असतील. टाकतात तरी.

झोलचंही तसंच. दोरी ताणून बांधली नाही, मांडव नीट आवळला नाही की मधे जो खाली लोंबतो तो झोल. कपड्यालाही झोल येतो. म्हणजे 'हिशेबात झोल आहे' असं म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला कुठेतरी दोरी सैल सुटलेली दिसत होती. मला हे कळल्यावर ऑफिसच्या एक्सेल शीटकडे बघायची नजरच बदलली.

मग भिडू. हा शब्द ऐकला की जॅकी श्रॉफच डोळ्यासमोर येतो. मे २०२४ मध्ये तर ते आपलं नाव, आवाज ह्यांचा परवानगीशिवाय धंदेवाईक वापर होऊ नये म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि त्या मागणीत 'भिडू' हा शब्दही होता. पण मराठी घरात भिडू म्हणजे खेळातला आपल्या बाजूचा गडी. लगोरी, लपाछपी, पत्ते, काहीही असो, आधी भिडू वाटून घ्यायचे. 'तू माझा भिडू' ह्यात टपोरीपणा काहीच नाही, आहे ती फक्त 'आपण एका बाजूला' एवढी बातमी. जॅकीदादांवर माझा राग नाही. पण माझ्या आजीनेही कॅरम खेळताना हा शब्द वापरलाय, हे रेकॉर्डवर असू द्या.

ह्याच्या उलटंही होतं. स्लँग पुस्तकात जाऊन बसतं आणि सभ्य होतं. 'चोराने पोबारा केला' हे वाक्य पेपरात येतं, निबंधात चालतं, मराठीच्या बाई लाल रेघ मारत नाहीत. पण पोबारा हा जुगाऱ्यांचा शब्द. सोंगट्यांच्या खेळात फासे टाकले आणि 'पौ बारा' पडलं, पौ म्हणजे एक, की तो डाव भाग्याचा. हिंदीत अजून पौ बारह होणं म्हणजे चांदी होणं. मराठीत मात्र आपण तो डाव घेऊन पळूनच गेलो. तेव्हा कोणी म्हटलं की आजची पिढी भाषेची वाट लावतेय, तर त्यांना प्रेमाने विचारा, काका, पोबारा कुणी आणला?

आता जरा धंद्याकडे येऊ.

पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी, हे सगळ्यांना सिनेमामुळे माहीत. खोके तर २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात विधानभवनाच्या पायऱ्यांपर्यंत पोचले. 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा त्या वर्षी लहान मुलं क्रिकेट खेळतानाही देत होती. पण वाशीत राहणाऱ्याने पेटी हा शब्द जपून वापरावा. इथे फेब्रुवारी-मार्च उजाडला की पेटी म्हणजे हापूसची लाकडी पेटी, चार ते आठ डझनांची. आमच्या ग्रुपमधल्या एकाने घरात फोनवर "दोन पेट्यांत मॅटर सेटल होईल" असं स्टाइलमध्ये म्हटलं. बोलणं जुन्या बाइकच्या भाड्यावरून चाललं होतं. त्याच्या आजोबांनी आतून आवाज दिला, "देवगडच्या घे, आणि आधी एक फोडून बघ."

पण फळ मार्केटातली खरी गुप्त भाषा वेगळीच आहे, आणि ती तोंडाने बोललीच जात नाही. आंब्याचा भाव ठरवताना व्यापारी आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला फक्त हलणारा रुमाल दिसतो. आपल्याला वाटतं कोड लँग्वेज आपण चॅटवर शोधली. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात 'नंदभाषा' अशी नोंदच आहे. ही व्यापाऱ्यांची सांकेतिक बोली. त्यात एक म्हणजे केवली, दोन म्हणजे अवारू, तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू. गिऱ्हाइकासमोर उभं राहून 'मुळूच्या खाली सोडू नकोस' म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला वाटायचं भाजीबद्दल बोलतायत. शाळेत आपण जी 'च'ची भाषा बोलायचो ना, प्रत्येक शब्दात च घुसवून, ती ह्यापुढे अगदीच बालवाडी.

आकड्यांवरून चारसोबीस आठवला. फसवणाऱ्या माणसाला चारसोबीस म्हणतात, कारण १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीचं कलम ४२० होतं. १९५५ साली राज कपूरने त्याला सिनेमाच्या नावात बसवलं. पण १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली, भारतीय न्याय संहिता आली. त्यात फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे, आणि एकूण कलमंच ३५८. म्हणजे ४२० नंबरचं कलम आता अस्तित्वातच नाही. तरी उद्या कोणी तुम्हाला ऑनलाइन गंडवलं, तर तुम्ही 'साला तीनशेअठरा निघाला' म्हणणार का? नाही. कायदा बदलला, शिवी बदलली नाही. शब्दाला आता आधार उरला नाही, तरी तो चालतोय.

आणि काही शब्दांना आधार मुळातच नसतो. झापुक झुपूक. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण हे म्हणत टिकटॉकवर नाचायचा. टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं, तो थांबला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बिग बॉस मराठीचं पाचवं पर्व जिंकला, आणि एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदेंचा त्याच नावाचा सिनेमा आला. झापुक झुपूकचा अर्थ काय? ते तुम्ही म्हणताना जसे हलता, तोच. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत डिक्शनरी डॉट कॉमने 'सिक्स सेव्हन' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. तोही एका रॅप गाण्यातून उचललेला आणि त्यालाही धड अर्थ नाही. पोरं दोन्ही हात वरखाली करून ओरडतात, शिक्षकांचं डोकं दुखतं, बस. मोढव्याने अमेरिकेच्या आधी हे करून दाखवलं, एवढंच माझं म्हणणं.

अशा बिनअर्थाच्या शब्दांनी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. आता ते सांगतो, कारण मूळ भागात मी हे घाईत आटपलं होतं आणि दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं.

आमच्या ग्रुपमध्ये एक घणसोली गावातला मित्र होता. गावातला म्हणजे सेक्टरमधला नाही, मूळ गावठाणातला, आगरी. तो नोंदी टाकण्यात सगळ्यांत भारी होता. एकदा कोणीतरी 'दादूस' ही नोंद टाकली: गळ्यात किलोभर सोनं, दारात पांढरी गाडी, कामधंदा साडेबारा टक्के. सगळे लोळून हसले. मीही हसलो, आणि वर एक ओळ जोडली. ती इथे लिहीत नाही. त्याने हसणारा इमोजी टाकला. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी 'घाटी' हा शब्द टाकला: डोक्यावर गोणी, तोंडात तंबाखू, वगैरे. ग्रुपचा ॲडमिन मी. मी पाच मिनिटांत ती नोंद डिलीट केली आणि 'असलं नको' असं लिहिलं. घाटी म्हणजे घाटावरून आलेला. मुंबईत हा शब्द माझ्या आण्णांना कुठल्या आवाजात मारला गेलाय ते मी लहानपणी ऐकलंय. त्यात मला विनोद दिसला नाही.

त्यानंतर मित्राच्या नोंदी बंद झाल्या. मी महिन्याभराने विचारलं तर म्हणाला, "तुझा शब्द पाच मिनिटांत उडवलास. माझा अजून पिन केलेला आहे."

होता. मीच केला होता.

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. दारातच त्याच्या आजीने आतल्या खोलीकडे हाक मारली, "दादूस, तुजा दोस्त आयलाय." हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. बापूस, आऊस ह्याच घराण्यातला तो. दादूस म्हणजे थोरला भाऊ. घरात चार भावंडांत हा मोठा, म्हणून तो दादूस. लहान बहीण त्याच नावाने त्याच्याकडे रिचार्जचे पैसे मागत होती. सोन्याचा, गाडीचा त्यात कुठेही पत्ता नव्हता. तो अर्थ आम्ही सेक्टरवाल्यांनी घातलेला.

आणि साडेबारा टक्के. मी जन्मापासून इथे राहतोय, हा आकडा रोज ऐकतोय, बोर्डांवर वाचतोय, आणि मला वाटायचं हे काहीतरी कमिशन असावं. तर ते असं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवं शहर वसवायचं ठरलं. त्यासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातशेती, मिठागरं, खाडीकाठ. मोबदल्यावरून वर्षानुवर्षं लढा चालला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या बाजूला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण गेले. विमानतळाला ज्यांचं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक बेलापूरला सिडकोवर धडकले होते, तेच हे दि. बा. त्या लढ्यातून पुढे जी योजना आली ती साडेबारा टक्क्यांची: जितकी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

मित्राने मला हिशेब वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात. उरले पावणेनऊ. म्हणजे साडेतीन गुंठे. "आता बोल," तो म्हणाला, "खोटा फुल फॉर्म कोणाचा? तुमच्या शब्दकोशाचा की ह्यांचा?"

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. आमच्या सोसायटीची जमीनसुद्धा कोणाच्यातरी चाळीस गुंठ्यांतली असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. घाटावरून आलेले आण्णा आणि इथेच असलेली ही आजी, दोघांच्याही नावाने ह्या शहरात एकेक चेष्टेचा शब्द तयार आहे, आणि मी त्यातला फक्त एक ओळखत होतो.

मी तिथेच बसून पिन काढला. तो म्हणाला, काढू नको, दुरुस्त कर. आजीने मधे पापलेट आणून ठेवलं, त्यामुळे चर्चा थांबली. (ह्या जागी मूळ रेकॉर्डिंगमध्ये मी दोन मिनिटं पापलेटबद्दल बोललोय. कापलंय.)

तर आता ग्रुपचा नियम बदललाय. खोटा अर्थ टाकायचा असेल तर जरूर टाका, पण खाली खराही लिहायचा, आणि शब्द ज्याच्या घरातला आहे त्याने पास केल्याशिवाय पिन नाही. नोंदी निम्म्यावर आल्यात, भांडणं दुप्पट झालीत. 'चिकना', 'खडूस' आणि 'पोपट' ह्यांच्यावर अजून वाद चालू आहे. 'लोचा'वर सुरतच्या एका मेंबरने दावा लावलाय. तो म्हणतो खमण करताना एकाचं पीठ बिघडलं, तो "लोचो थई गयो" म्हणाला आणि त्याच बिघडलेल्या प्रकाराला लोचो नाव पडून तो पदार्थ हिट झाला. ही गोष्ट मला संशयास्पद सुबक वाटते. पण त्याने डबा भरून लोचो आणला होता, त्यामुळे आम्ही ती पास केली.

दादूसची नोंद आता अशी आहे: "दादूस. घरातला थोरला भाऊ. रिचार्ज ह्याच्याकडे मागावा." पास करणारा: दादूस.

राहिली पाट्यांची नोंद. ती मी आण्णांना वाचून दाखवली. 'पाट्या टाकणे: मन न लावता, दिवस भरायला काम करणे.' त्यांनी ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "लिही. पाटी: ओली असंल तर तीस किलोला चाळीस लागते. चुंबळ नीट करावी. मधी थांबू नये, थांबलं की परत उचलायला दुसरा माणूस लागतो."

तशीच्या तशी टाकलीय. दोन दिवसांनी घणसोलीतून खाली प्रश्न आला: चुंबळ म्हणजे काय? मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात आण्णांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याचं वेटोळं केलं, माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "फोटो काढ आन् पाठव त्याला."